दुसरं कार्ड

"केबल काढा. सगळी," प्रधान सर म्हणाले.

आम्ही डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात उभे होतो. गोष्ट नव्वदच्या दशकातली. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये प्रधान सरांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती आणि मी तिथे प्रोग्रामर. कारखान्याच्या जुन्या युनिक्स मशीनवर चालणारा आमचा प्रोग्राम दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या नव्या मशीनवर न्यायचा, म्हणजे पोर्टिंग करायचं, हे माझं काम. नव्या मशीनला दोन नेटवर्क कार्डं होती. एक ऑफिसकडे जाणारं, दुसरं प्लांटकडे. आमच्या प्रोग्रामला मात्र एकच दिसत होतं.

प्लांटची केबल टाकली होती वासुदेव कोळीने. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, आमच्याकडे प्रोबेशनवर. त्याच आठवड्यात त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरणार होतं.

"क्लिपा संपल्या म्हणून सुतळीने केबल बांधतो हा माणूस," सर म्हणाले. "कार्डही यानेच बसवलं. कनेक्शन कच्चं असणार. प्रोग्राम ठाण्यात व्यवस्थित चाललेला."

मी मान डोलावली. त्याची अजून लाज वाटते. माझा कोड एकही वॉर्निंग न देता कंपाइल झाला होता, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरला होता, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

सर मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. वासुदेव केबल काढायला शिडीकडे न जाता स्टूल ओढून माझ्याशेजारी बसला.

"मॅडम, एक विचारू? रागवू नका."

"विचारा ना."

"कार्ड मेलेलं आहे, तर मग पिंग कसा जातो?"

पिंग म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला मारलेली हाक. पोचली तर उत्तर येतं. त्याने माझ्यासमोर प्लांटच्या मशीनला पिंग केलं. उत्तरं धडाधड आली, एकही गळलं नाही.

"हे सरांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलेलं. सर बोलले, मॅडमचं कंपाइल क्लीन आहे."

मी कोड उघडला. सी भाषेत माहिती भरायचा साचा असतो, त्याला स्ट्रक्चर म्हणतात. कार्डांची यादी मागितली की युनिक्स एकेका कार्डाचं नाव आणि पत्ता साच्यात भरून, एकापुढे एक लावून देतं. आपण एका साच्याच्या लांबीएवढं पुढे सरकत वाचायचं. हा साचा ज्या त्या मशीनसोबत येणाऱ्या हेडर फाइलमध्ये लिहिलेला असतो. मी मात्र जुन्या मशीनचा साचा उचलून आमच्या फोल्डरमध्ये आणला होता. परगावी अडचण नको म्हणून घरचं लोणचं बांधून न्यावं, तसा.

मी दोन्ही साच्यांची लांबी छापून बघितली. माझा बत्तीस बाइटचा, नव्या मशीनचा चाळीस. म्हणजे पहिलं कार्ड बरोबर वाचलं जात होतं आणि दुसरं आठ बाइट आधीच सुरू झालं असं धरलं जात होतं. तिथे नावाऐवजी कचरा मिळे आणि प्रोग्राम तो मुकाट सोडून देई. ठाण्यात आमच्या मशीनला कार्डच एक होतं. तिथे ही चूक दिसणार कुठून?

माझा साचा काढला, मशीनचा घेतला, पुन्हा कंपाइल केलं. स्क्रीनवर दोन कार्डं आली. माझा जीव भांड्यात पडला. वासुदेव फक्त "हां," म्हणाला.

मी केबिनमध्ये गेले. "सर, केबल काढायची नाही. चूक माझी आहे."

"अगं, पण कंपाइल क्लीन होतं ना?"

"क्लीन होतं. चुकीचंही होतं."

सर खुर्चीतून उठले. बाहेर आल्यावर वासुदेवला म्हणाले, "सुतळी तरी बदल रे."

"जाळ्याची आहे सर. खाडीत सुटत नाही, इथे काय सुटणार?"

सर हसले. शनिवारी वासुदेव कायम झाला. त्याच्याहून मोठा सुटकेचा नि:श्वास मी सोडला असेन.

पुढे प्रत्येक पोर्टिंगला मी ज्या त्या मशीनचाच साचा वापरला, आणि टेस्टिंगच्या मशीनला आठवणीने दुसरं कार्ड बसवून घेतलं. बसवायला वासुदेवच येई. काम झालं की आधी पिंग करून दाखवी, आणि मगच स्टूल सोडी.