खुर्शीदबीची आडवी शिवण

अचलपुरात, गावाभोवतीच्या दगडी परकोटाच्या अगदी आतल्या अंगाला, खुर्शीदबीचं घर होतं. तंबू, कनाती, लग्नातली छतं असं सगळं तिच्याकडे शिवून मिळे. पण तिचं नाव होतं ते सिनेमाच्या पडद्यासाठी. अमरावती-अकोल्याकडच्या जत्रांतून हिंडणाऱ्या टुरिंग टॉकीजचे बहुतेक पडदे तिच्या हातमशीनखालून गेलेले. नवरा जैनुद्दीन जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याने मागे ठेवलेला नियम एकच: पडद्याची शिवण आडवी पाहिजे. उभी शिवण चेहऱ्यातून जाते आणि माणूस दुभंगतो. आडवी शिवण डोळ्याला सापडत नाही. पडदा पुरा झाला की खालच्या डाव्या कोपऱ्यात ती हिरव्या दोऱ्याचं एक पान काढी. तेवढीच तिची सही.

मापाची रीतही तिची स्वतःची. ऑपरेटरकडून फितीचा तुकडा मागवायचा, उजेडाला धरायचा, एका चौकटीची रुंदी आणि उंची दोऱ्याने घ्यायची, आणि तंबूच्या उंचीप्रमाणे तेच माप वाढवत न्यायचं. वीस वर्षांत दोरा कधी चुकला नव्हता, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरूही देत नसे.

वऱ्हाडचा कारभार अजून नागपुरातून चालत होता तेव्हाची, पंचावन्न सालच्या बहिरमच्या जत्रेची ही हकिकत. जत्रेला आठ दिवस होते. परतवाड्याचे तंबूवाले खुशालराव आपल्या ऑपरेटरला, चंद्रभानला, घेऊन तिच्या दारात आले.

"भाबी, यंदा सिनेमास्कोपचं चित्र आणून राहिलो. पडदा लांब लागते. उंचीच्या दुपटीहून जास्त."

"तुमी खेळ दाखवा खुशालराव, पडदा माह्यावर सोडा. फीत आणली का?"

चंद्रभानने तुकडा दिला. खुर्शीदबीने तो उन्हात धरला. त्यात घोडे होते. पण पाय काठ्यांसारखे, माना लांबुडक्या, आणि वरचे स्वारही तसेच सुकलेले.

"काहून रे चंद्रभान, विलायतेत घोड्यायले चारा नाही भेटत का?"

"तसं नाही चाची. चित्र दाबून भरलं हाये. मशीनपुढं काच लावली का..."

पण तिचा दोरा केव्हाच चौकटीवर फिरू लागला होता. चौकट जवळपास चौरस निघाली. दुपटीहून जास्त म्हणे! खुशालरावांना आधीच मोठं बोलायची सवय. बारा फूट उंची, चौदा फूट रुंदी, असा तिने पडदा कापला, शिवला, आणि कोपऱ्यात पान काढलं.

जत्रा भरली. खेळाच्या आदल्या संध्याकाळी, दिवस मावळताना, चंद्रभानने काच लावून मशीन चालू केली. खुर्शीदबी मधोमध उभी होती. शेजारी, भातकुलीहून दरवर्षी जत्रेत भाजी विकायला येणारी सुभद्रा टोपली खाली ठेवून फुकट पाहायला शिरलेली.

पडद्यावर फक्त घोड्यांची पोटं आली. तोंडं डावीकडच्या कनातीवर पळत होती, शेपट्या उजवीकडच्या बांबूवर.

"अवं माय!" सुभद्रा म्हणाली. "घोडं तं तंबूबाहीर चाललं!"

खुशालराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर खुर्शीदबीला बरं वाटलं असतं. "भाबी, मी बोललो होतो," एवढंच ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी खेळ हाये. पडदा बसला तं ठीक. नाही बसला तं यापुढं मी मुंबईहून मागवतो. अकोल्यात नवा तंबू टाकून राहिलो, त्याचाही."

ती चंद्रभानकडे गेली. "ते काच दाखव."

त्याने जड भिंग काढून तिच्या हातात दिलं. तिने त्यातून कंदिलाजवळच्या फितीकडे पाहिलं. घोडे भरले, छातीला रुंद झाले, त्यांच्यामागे माळ पसरला. उंची तेवढीच, रुंदी बरोबर दुप्पट. तिने भिंग सुभद्रेकडे वळवलं.

"सुभद्रे, तू तं दोन बायांएवढी दिसतं."

"मंग भाजी बी दुप्पट विकीन," सुभद्रा म्हणाली. खुर्शीदबीला हसू आलं नाही. दोऱ्याने फीत बरोबर मोजली होती. काच मात्र तिने मोजलीच नव्हती.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. आहे तेवढंच कापड आणखी लागणार, हे साधं होतं. "दोन्ही अंगाले सात-सात फूट लावून टाका, दुपारपर्यंत होऊन जाईन," असं खुशालरावांनी सुचवलंही. पण म्हणजे दोन उभ्या शिवणी, वरपासून खालपर्यंत. सगळी जत्रा त्या दोन रेघांमधून पाहणार, आणि कोपऱ्यात तिचं पान.

पहिल्या मोटारीने ती परतवाड्याला गेली, कापड घेतलं, मशीन आणायला अचलपुरात आली. घरासमोर परकोट होता. जन्मभर ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती. आज कुलूप उघडताना हात थांबला. भिंतीतले दगड लांब, आडवे. पण दोन दगडांचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर कुठेच येत नव्हता. म्हणून तर एवढ्या उंचीची भिंत एकाच रेघेत कुठे फाटली नव्हती.

ती घरात पळाली.

बहिरमला तंबूच्या मागे तिने पडदा सरळ उसवला. चार आडव्या पट्ट्या सुट्या झाल्या, कोपऱ्यातल्या पानाचा हिरवा दोराही तिने ओढून टाकला.

"तयार पडदा फाडून राहिली का तुमी?" खुशालरावांचा आवाज चढला.

"बाजूले व्हा. सुभद्रे, हे टोक धर. ताणून धर, मेथीची जुडी नाही ते."

प्रत्येक पट्टीला तिने नवं कापड वेगळ्या जागी जोडलं: एकीला एकाच अंगाने, एकीला दोन्हीकडून अर्धं-अर्धं, उरलेल्या दोघींना एकीकडे कमी, एकीकडे जास्त. एकही सांधा दुसऱ्याखाली येऊ दिला नाही. मग पुन्हा आडव्या शिवणी. दुपार कलली, मशीनचं चाक गरम झालं, सुभद्रेची भाजी टोपलीतच सुकली. नवं पान मात्र तिने अजून भरलं नाही.

तिन्हीसांजेला पडदा चढला. लोक भरले. खुर्शीदबी बसली नाही, कनातीच्या कडेने येरझारा घालत राहिली. उजेड पडला आणि घोडे धावत सुटले, डाव्या टोकापासून पार उजव्या टोकापर्यंत. लोक हूऽ करून ओरडले. ती घोडे पाहतच नव्हती. एकेका सांध्यावर नजर ठेवून ती स्वार येण्याची वाट पाहत होती. पहिला सांधा गेला. दुसरा गेला. चेहरे अख्खे राहिले. तिसऱ्या पट्टीत, उजवीकडे, एका घोड्याचा खूर किंचित अडखळला. कापड तिथे केसभर चुणी धरून होतं.

खुशालराव बाजूला येऊन उभे राहिले. "भाबी, अकोल्याचा पडदाही तुमीच करा."

"हो," ती म्हणाली. पण नजर तिथेच. "फीत नका आणू. आधी काच आणजा."

खेळ सुटला, लोक बोलत बाहेर पडले. चंद्रभान पडदा उतरवायला गेला तसा तिने त्याचा हात धरला.

"थांब. शिडी आण. तो एक सांधा उसवतो, मंग नवं पान काढतो."