आक्काच्या मानेतली नळी

आक्काला जाऊन दीड महिना झाला, तरी रडू येण्याआधी मला शिसारी येते... त्या दिवशी आयसीयूतून फोन आला, "इन्फेक्शन रक्तात पसरलंय, लगेच या." येडगावच्या घरून निघालो. पोहोचेपर्यंत आक्का, माझी थोरली बहीण, गेली होती.

आक्का तळेघरच्या बाजूला आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. पार आहुप्यापर्यंत पायी जाऊन तिनं बाळंतपणं केली. निवृत्तीनंतरही ती तळेघरलाच राहिली; तिथंच तिला न्यूमोनियानं गाठलं. रक्तदाब घसरला म्हणून शहरातल्या एका रुग्णालयात तिच्या मानेतल्या शिरेत नळी घातली, औषधं सोडली. त्यानं ती वाचली, हे मी नाकारत नाही. चौथ्या दिवशी ती उठून बसली, पेज प्यायली. रक्तदाबाचं औषध थांबलं, नळी मात्र तशीच. वरची चिकटपट्टी एका कडेनं सुटलेली, खाली वाळलेलं रक्त. आक्का रोज विचारायची, "आता हिचं काय काम हाय? काढा की." उत्तर ठरलेलं, "असू द्या, लागली तर."

भेटीच्या वेळेत मी उभा असताना सिस्टर आली. शेजारच्या पेशंटची लघवीची पिशवी रिकामी करून, त्याच हातमोज्यांनी तिनं आक्काच्या नळीचं टोपण धरलं. आक्कानं तिचं मनगट पकडलं. "बाई, मोजं बदला. नळीचं त्वांड स्पिरिटनं पुसा, मग औषध सोडा."

"आजी, आम्हाला शिकवू नका."

आणि मी म्हणालो, "आक्का, गप ऱ्हा. त्या चिडल्या तर तुज्याकडं बघायचं कोनी?"

आक्कानं माझ्याकडं पाहिलं, मनगट सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हुडहुडी भरून ताप चढला. तीन दिवसांत सगळं संपलं. "आयसीयूत असं होतं," डॉक्टर म्हणाले. होत नाही, होऊ दिलं जातं. मी लेखी तक्रार दिली आहे. मी तिला गप केलं, तेही त्यात लिहिलंय. ते वाक्य लिहिताना सर्वांत जास्त किळस आली... स्वतःचीच.

गेल्या आठवड्यात तिचं सामान आणायला तळेघरला गेलो. शेजारच्या घरी तीन महिन्यांचं बाळ होतं. घ्यायला हात पुढं केले, तशी त्याच्या आईनं ते छातीशी ओढलं.

"आदी हात धुवा, भाऊ. आक्कानं सांगितलंय."

मी पायरीवर बसलो. तिनं तांब्यानं पाणी घातलं, साबण दिला.

"बोटांच्या मधी बी," ती म्हणाली.

मी पुन्हा साबण लावला.