शॉकसाठी थांबवलेली घोडी

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका इस्पितळात हृदयरोग्यांच्या वॉर्डात मशीन सांभाळायचो. वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, हृदयाचे ठोके बिघडले तेव्हा तिथंच डॉक्टरांनी त्यांना शॉक दिला आणि ठोके पुन्हा नीट पडू लागले. माझा थोरला भाऊ ते दारातून बघत होता.

विट्याजवळच्या आमच्या गावी दादाकडं घोडागाडीच्या शर्यतीची घोडी होती. एका हिवाळ्यात ती निम्म्या शर्यतीतच दमू लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. ठोके कसेही पडत होते. नाकातून नळी घालून औषध द्यावं लागेल, त्यात धोका आहे, पण उशीर नको, असं ते सांगून गेले.

रविवारी मी गावी गेलो. गोठ्यापुढं चार माणसं बसली होती.

"औषधाची जोखीम कशाला?" दादा म्हणाला. "तात्यांना दिला तसा शॉक देऊ की. मशीन तर तुज्याच हातात हाय."

"आन् घोडीला खाटंवर झोपवणार कोण? तू?" शेजारचा म्हातारा म्हणाला. सगळे हसले. दादा माझ्याकडंच बघत राहिला.

माणसांच्या मशीनचा जोर एवढ्या रुंद छातीत आतपर्यंत पोचेल असं मला वाटत नव्हतं. पण थोरल्या भावाला चारचौघांत नाही म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. शिवाय गावानं मला अर्धा डॉक्टर समजावं, हे मला आवडायचं. "मोठ्या डॉक्टरांना विचारतो," मी म्हणालो. विचारलं नाही. ते हसतील, एवढीच भीती होती.

नंतर ड्यूटीची सबब सांगून मी गावी जाणं टाळलं. शेवटी गेलो, तेव्हा घोडीच्या पोटाखाली सूज उतरली होती. छातीवर दोन ठिकाणचे केस वस्तऱ्यानं काढलेले. शॉकच्या आधी वडिलांची छाती अशीच साफ केली होती. औषध दादानं सुरूच केलं नव्हतं.

"टेम्पो सांगून ठेवलाय," तो म्हणाला. "कवा न्यायची रं?"

तेव्हा मी खरं सांगितलं, मोठ्या डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. तो त्या उघड्या कातडीवरून हात फिरवत राहिला, मग सायकल काढून जनावरांच्या डॉक्टरांना आणायला गेला. त्यांनी बराच वेळ तिचे ठोके ऐकले. आता तिला औषध झेपणार नाही म्हणाले.

घोडी गेली. खड्डा बुजवून झाल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं, "त्या शॉकचं काय झालं मग?"

"धाकट्यानं लय खटपट केली," दादा म्हणाला. "मोठं डॉक्टरच न्हाई म्हणालं. व्हय का न्हाई रं?"

मी मान हलवली.