भोंगाबाईंचा राग

भोंगाबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं आमच्या सोसायटीत सगळे म्हणत. ते साफ खोटं होतं. कारण नेहमी असायचं, फक्त ते लोकांना पाहायचं नसायचं. बाई कामोठ्यातल्या एका शाळेत पीटी शिकवायच्या. आवाज असा, की मैदानावर त्या ‘सावधान’ म्हणाल्या की बाहेरच्या नाक्यावरचे रिक्षावालेही क्षणभर ताठ होत. मुलींनी त्यांना भोंगाबाई हे नाव ठेवलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा माझा संशय आहे. पुढे खुबा मोडल्यावर त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि तळमजल्यावरच्या घरासमोर, बाकावर, हातात काठी घेऊन बसू लागल्या. आवाज मात्र निवृत्त झाला नाही.

शाळेत असताना त्यांना मार्कांशी, शिस्तीशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्या डबा बघायच्या. मधल्या सुट्टीत वर्गात शिरायच्या आणि मुलींना म्हणायच्या, “उघड.” मुलांना नाही, मुलींनाच. एका मुलीच्या डब्यात दोन बिस्किटं निघाली, तर बाईंनी तिच्या आईला शाळेत बोलावून घेतलं. “पोरगी काय पोपट हाय का, चार दाने टाकायला?” त्या मूळच्या उरणजवळच्या मोऱ्याच्या, कोळीवाड्यातल्या. एरवी शुद्ध बोलत, पण राग चढला की त्यांच्या तोंडातले सगळे ‘ण’ पळून जात. ‘ण’ गेला की पळून जावं, एवढं व्याकरण आम्हा सगळ्यांना येत होतं.

मी त्या शाळेतून बाहेर पडून बारावीला गेले होते आणि एका अकॅडमीत तीन हजार मीटर पळत होते. आमचे सर तरुण होते, गोड बोलायचे. “कोमल, तुझ्यात स्पार्क आहे, फक्त थोडी हेवी आहेस,” हे त्यांनी मला इतक्या मायेने सांगितलं, की मी त्याच दिवशी भात सोडला. मग चपाती. मग रात्रीचं जेवणच. शनिवारी सगळ्यांच्या देखत वजनकाट्यावर उभं राहायचं. आकडा खाली आला की टाळ्या. मला त्या टाळ्यांची चटक लागली. सुरुवातीला वेळही सुधारली. मी जिल्ह्यात पहिली आले, पप्पांनी तळोज्याला कंपनीत पेढे वाटले. खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागेल, असं घरात सगळे बोलू लागले.

पप्पा केमिकल कंपनीत तिन्ही पाळ्यांत काम करायचे. आमच्या घरात ‘पाळी’ हा शब्द मोठ्याने उच्चारला जाई तो फक्त त्यांच्या कामाबद्दल. माझी पाळी दिवाळीच्या सुमारास चुकली आणि होळी झाली तरी आली नाही, हे आईला कळलं तेव्हा तिने आधी दार लावलं. मग विचारलं, “खरं सांग, कुणी मुलगा आहे का?” नाही, म्हणाले. तरी तिने माझ्या आजीची शपथ घ्यायला लावली. ग्राउंडवर याच्या अगदी उलट. तिथल्या मोठ्या मुली म्हणायच्या, “बरंय ना, टेन्शन गेलं.” सरांच्याही कानावर गेलं होतं. “बॉडी अॅथलीट होतेय,” म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

आईने दोन डॉक्टर केले. पहिल्याने गोळ्या दिल्या. गोळ्या होत्या तोवर रक्त आलं, गोळ्या संपल्या तसं सगळं पुन्हा बंद. “लग्नानंतर आपोआप सुरळीत होतं,” असंही तो म्हणाला. दुसऱ्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. “पीसीओडी असणार. आजकाल सगळ्या मुलींना असतं. वजन कमी करा.” माझ्या बरगड्या कुर्त्यातून मोजता येत होत्या आणि हा माणूस कागदावर लिहीत होता, वजन कमी करा. आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. तेव्हा मी घरी येऊन संध्याकाळची काकडीसुद्धा बंद केली.

मे महिना होता. सगळी सोसायटी घामाने निथळत होती आणि मी स्वेटर घालून गेटमधून आत येत होते. बाकावरून काठी आडवी आली. बाईंनी माझा हात धरला, स्वेटरची बाही वर सारली, हातावर उगवलेली बारीक लव पाहिली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, “पाळी येते का गं तुला?”

सेक्रेटरी काका टँकरवाल्याशी भांडत होते, ते दोघेही गप्प झाले. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी कपडे वाळत घालायचं थांबलं.

“बाई, हळू ना,” मी म्हणाले. मला जमिनीत गडप व्हायचं होतं.

“हळू कशाला? चोरी केलीयस का? येते का नाही?”

“नाही.”

“किती महिने?”

मी सांगितलं. बाई काठी टेकत उठल्या. माझा हात त्यांनी सोडला नाही. त्या पायाने जिना चढणं त्यांना बंद होतं, तरी त्या चढल्या, प्रत्येक पायरीला शिवी घालत.

आईने चहा टाकला. बाईंनी विचारलं, “ही खाते काय दिवसभर?” आई रडायलाच लागली. ती खातच नाही हो बाई, सरांनी डाएट दिलंय, आणि डॉक्टरही म्हणाले वजन कमी करा. बाईंच्या हातातला कप बशीवर असा आदळला, की चहा ओट्यापर्यंत उडाला. “कोन डाक्टर? हिच्या अंगावर कमी करायला राह्यलंय काय? हाडं काढायची का आता?”

त्या आठवड्यात बाई आम्हाला पनवेलला एका लेडी डॉक्टरकडे घेऊन गेल्या. या डॉक्टरीणबाईंनी आधी मला बोलू दिलं. मग रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी, हाडांची तपासणी, सगळं केलं. पोटातलं काही बिघडलेलं नव्हतं. “खाणं कमी आणि पळणं जास्त, मग मेंदूनेच पाळीचं काम थांबवलंय,” त्या म्हणाल्या. “त्याला वाटतंय दुष्काळ पडलाय. गोळ्यांनी नुसतं रक्त येईल, दुष्काळ हटणार नाही. पोटभर खायचं, तिन्ही वेळा आणि मध्येही. भात, तूप, सगळं. आणि पळणं बंद.” हाडांचा रिपोर्ट माझ्या वयाला शोभणारा नव्हता. तो त्या वाचत होत्या तेव्हा बाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

पप्पांना हे पटेना. “मॅडम, राज्य स्पर्धा तोंडावर आलीय. एवढी एक होऊ दे.” बाई काही बोलायच्या आत आईच उठली. आयुष्यभर पप्पांपुढे ब्र न काढलेल्या माझ्या आईने माझे पळायचे बूट उचलले आणि माळ्यावर भिरकावले. विषय संपला.

सरांचा विषय मात्र संपायचा होता. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राउंडवर गेल्या. मीही होते, मान खाली घालून. बाई म्हणाल्या, “तुमच्याकडच्या किती मुलींची पाळी बंद आहे?”

सर कसनुसं हसले. “मॅडम, हे मुलींचं पर्सनल असतं. आपण चारचौघांत असं...”

“पर्सनल?” त्या आवाजाने कडेची कबुतरं उडाली. “वजन चारचौघांत करतोस ना रे? तेव्हा कुटं जाते पर्सनल? पोरींना उपाशी मारतोस, वरून टाल्या वाजवतोस!”

मुली पळायच्या थांबल्या होत्या. त्यांत साक्षी होती, माझी जोडीदारीण. तिचीही बंद होती, मला माहीत होतं. मी तिच्याकडे पाहतेय हे बाईंनी हेरलं आणि तिच्यापुढे हात केला. साक्षीने सरांकडे पाहिलं, नजर वळवली आणि पुन्हा पळायला लागली.

मग माझं जेवण सुरू झालं. आईच्या हातून खाताना मी रडायचे आणि मी रडले की आई ताट उचलायची, म्हणून दुपारचं बाईंकडे ठरलं. त्या एकट्याच राहत. तांदळाची भाकरी, वर तूप, सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं कालवण, भात, नंतर केळं. हे वाचायला सोपं आहे. ताटातल्या भाताची मला कुत्र्याची वाटावी तशी भीती वाटायची. पोट दुखायचं, फुगायचं, चेहऱ्यावर मुरमं आली. बिल्डिंगमधल्या बायका हसून म्हणायच्या, “तब्येत सुटली गं!” कोरड्या तोंडाने मी जेवायचे आणि बाई समोर बसून आपल्या ताटात तेवढंच वाढून घेत. त्या कधी लाडीगोडी लावायच्या नाहीत. “एक घास माझ्यासाठी” वगैरे प्रकार त्यांच्याकडे नव्हता. त्या म्हणायच्या, “नावडलं तर नावडू दे. गिळ.”

एकदा मी अर्धी भाकरी रुमालात लपवली. त्यांनी रुमाल ओढून काढला आणि त्या ओरडणार, इतक्यात मीच ओरडले. माझी रेस गेली, माझं नाव गेलं, मी जाडी झाले, तुम्ही कोण लागता माझ्या, मेलेलं परवडलं पण तुमचं कालवण नको! इतक्या जोरात मी आयुष्यात ओरडले नव्हते. बाईंचा चेहरा हळूहळू खुलला.

“हां,” त्या म्हणाल्या. “आता अन्न अंगी लागतंय. उपाशी माणसाला कुठला आलाय राग? आलीस तेव्हा थोबाडीत दिली असती तरी थँक्यू म्हणाली असतीस.”

आणि त्यांनी रुमालातली भाकरी झटकून माझ्या ताटात ठेवली.

त्यांचं स्वतःचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून. त्याही पळायच्या, विद्यापीठाकडून. त्यांच्या गुरुजींना काडीसारख्या मुली लागत. पाळी वर्षानुवर्षं आली नाही आणि कुणी विचारलं नाही, त्यांनीही नाही. लग्न झालं, मूल होईना. सासूने वांझ म्हणून घराबाहेर काढलं, नवऱ्याने तिला अडवलं नाही. पुढे भरलेली बादली उचलताना मनगट मोडलं, बसमधून उतरताना खुबा. “हाडं पोकळ निघाली,” म्हणाल्या. “पळायच्या वयात भरायची ती भरलीच नाहीत. आणि मी इकडे मेडलं पुसत बसले.” मग एकदम वळून ओरडल्या, “बघतेस काय? केळं राहिलंय ते!”

माझी पाळी गणपतीच्या दिवसांत आली. आरतीच्या गडबडीत मी तळमजल्यावर धावत गेले. वाटलं, बाई मला जवळ घेतील. त्या म्हणाल्या, “एकदा आली म्हणजे काय मोठंसं. पुढच्या महिन्यात येऊ दे, त्याच्या पुढच्याही येऊ दे. बस, मोदक खा.” पण वाढताना त्यांनी मोदकावर तुपाची धार सोडली ती वाटीबाहेर गेली तरी थांबवली नाही.

साक्षी राज्य स्पर्धेत पळता पळता नडगीचं हाड धरून बसली. हाडाला चीर गेली होती. सरांनी तिच्या घरी फोनवर सांगितलं, पोरगी मनाने कच्ची निघाली. ती आई-वडिलांबरोबर त्यांच्या गावी, कऱ्हाडला परत गेली. नंतर तिने माझे फोन घेतले नाहीत. सरांची अकॅडमी मोठी झाली आहे. सर्कलवर त्यांचा बॅनर असतो, हात जोडलेला. त्याखालून जाताना माझे दात आपोआप आवळले जातात.

मी पुन्हा पळाले, पण हौसेपुरती. आता मी कळंबोलीतल्या एका शाळेत शिकवते. बाई गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडल्या. दुसरा खुबा गेला. ऑपरेशननंतर त्यांचे भाऊ त्यांना मोऱ्याला घेऊन गेले. मी भेटायला गेले तेव्हा आवाज बसला होता. त्या एवढंच म्हणाल्या, “जेवलीस?” काही दिवसांनी छातीत कफ भरून गेल्या. लोक म्हणाले, न्यूमोनियाने गेल्या. त्या पोकळ हाडांनी गेल्या. ते ज्यांनी होऊ दिलं, त्यांनी त्यांना मारलं.

मोऱ्याला समाजमंदिरात शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, शेजारी मेडलं. त्यांचे गुरुजी आले होते, पार थकलेले. ते कौतुकाने बोलत होते, “अशी मुलगी पुन्हा झाली नाही. काडी होती नुसती! कधी सबब नाही, कधी सुट्टी नाही, बायकांच्या अडचणीसुद्धा नाहीत.” लोकांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले.

“गुरुजी, त्यांची पाळी बंद होती. तुम्हाला माहीत होतं?”

बायकांनी पदर तोंडाला लावले. बाईंचे भाऊ मला बसायची खूण करू लागले. गुरुजींनी चष्मा काढला. ते खोटं बोलले असते तर मी कदाचित बसले असते.

“होतं,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काय... त्या वर्षी मेडल आलं.”

मी काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. पाळी, भूक, हाडं, वांझ, हे सगळे शब्द त्या सभागृहात मोठ्याने झाले एवढं नक्की. शेवटी मला बाहेर काढलं म्हणा, मी निघाले म्हणा.

स्टॉपवर उभी होते. ट्रॅकसूट घातलेली एक मुलगी मागून आली. सभेत शेवटच्या रांगेत बसली होती ती.

“ताई,” ती म्हणाली, “माझी पन येत नाय. सर बोलतात चांगलं हाय.”

“कोण सर?”

तिने नाव सांगितलं.

“कुठे असतात ते?”

“आता? ग्राउंडवर असतील.”

उरणची बस आली, दारं उघडली. कंडक्टर माझ्याकडे पाहत राहिला. मी मान हलवली आणि बस जाऊ दिली.

“चल,” मी म्हणाले. “दाखव कुठे आहे ग्राउंड.”