नऊ पॉइंट्स आणि न वाजणारं यंत्र

सुसाट गाडी हाणली म्हणून किस्सा होत नाही. पकडलं गेलं की होतो. त्यामुळे आमच्याकडे किस्से वाढत गेले आणि लायसन्सं कमी होत गेली.

आम्ही तिघं. मी, विक्या आणि नित्या. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्याच्या कडेला ट्रकवाल्यांचा एक कॅफे होता. शनिवारी सकाळी तिथे बाइक्स लावायच्या, तळलेली अंडी मागवायची आणि त्या आठवड्यात कोणी कुठे माती खाल्ली ते ऐकायचं. मी आणि विक्या डिस्पॅच रायडर. म्हणजे सिटीतल्या वकिलांची पाकिटं या ऑफिसातून त्या ऑफिसात पोचवायची. जेवढी पाकिटं, तेवढी कमाई. त्यामुळे सावकाश जाणारा उपाशी, जोरात जाणारा कोर्टात! नित्या कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि बाइक हौस म्हणून चालवायचा. हौशी माणूस सगळ्यात धोकादायक.

माझं सांगतो. माझ्या लायसन्सवर नऊ पॉइंट्स होते. एकदा पकडलं की तीन. बारा झाले की लायसन्स सहा महिने जप्त, आणि नोकरी त्याच दिवशी. मी मेडिकल दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं, आणि कॉलेजने माझी जागा वर्षभर राखून ठेवली होती. माझे बाबा हाडांचे डॉक्टर. स्टॅनमोरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, त्यांनी निकाल देऊन टाकला, "लायसन्स आहे तोवर तुझं चालू दे. गेलं की मुकाट्याने परत कॉलेज."

मी हो म्हणालो. माझ्यावर माझा फार विश्वास होता.

पण मग लक्षात आलं. मी पकडला जाण्यात ज्याचा फायदा आहे, असा एक माणूस रोज माझ्यासमोर बसून वरण-भात खातोय!

*

रडार डिटेक्टर आमच्यात पहिला आणला नित्याने. सिगारेटच्या पाकिटाएवढी काळी डबी. पुढे पोलीस रडार लावून बसला असेल तर ही आधीच पीं-पीं करणार, असा दावा. एका बाइक शोमध्ये मांडून विकत होते, बटाटेवडे विकावेत तसे.

नित्या घरचा सरळ. त्याने विकणाऱ्याला विचारलं, "हे लीगल आहे का?"

"विकणं लीगल," तो गोरा म्हणाला. "घेणंही लीगल."

"मग प्रॉब्लेम काय?"

"चालू केलंस की गुन्हा."

"मग मी हे घेऊन करू काय?"

"शोकेसमध्ये ठेव. छान दिसतं!"

नित्याने घेतला. शनिवारी कॅफेत टेबलावर ठेवून आम्हाला दाखवला. विक्याने तो उलटा-पालटा केला. विक्या इथेच जन्मलेला, एजवेअरचा. त्याचं मराठी आईकडून ऐकून ऐकून झालेलं, त्यामुळे त्याच्या मराठीत वस्तू आपलं लिंग रोज बदलायच्या. तो म्हणाला, "मला डाउट येतो. पोलिसाची रडारची बंदूक कोण बनवतो? आणि हा डबी कोण बनवतो?"

"कोण?"

"सेम माणूस, यार! आधी आजार विकतो, मग औषध विकतो."

मी म्हणालो, "असं नाही बोलायचं. आपल्या डॉक्टर आई-वडिलांचा धंदा आहे तो."

*

नित्याच्या डबीचा एक गुण होता. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजेसुद्धा रडारवर चालतात. त्यामुळे एजवेअरच्या हाय स्ट्रीटवर ती पिसाळायची. सुपरमार्केट आलं की पीं-पीं, बँक आली की पीं-पीं. आणि नित्या प्रत्येक वेळी इमानदारीत ब्रेक मारायचा.

एकदा पोलिसांची गाडी त्याच्या मागेच होती. सुपरमार्केटसमोर त्याने विनाकारण करकचून ब्रेक मारलेला त्यांनी पाहिला. थांबवलं. नित्याने घाईघाईने डबी जॅकेटच्या आतल्या खिशात कोंबली. बंद करायचं राहिलं.

"सर, मध्येच का थांबलात?"

नित्याला खोटं बोलता येत नाही. पण त्या दिवशी सुचलं, "दूध घ्यायचं विसरलो होतो."

"मग घेऊन या की," पोलीस म्हणाला. "आम्ही बाइककडे बघतो."

आता काय करणार? नित्या गेला. दरवाजा उघडला, खिसा ओरडला. त्याने आत जाऊन दूध घेतलं, पैसे दिले, बाहेर आला. दरवाजा उघडला, खिसा परत ओरडला. पोलीस आता दारातच उभा होता, टोपी काखेत.

"सर," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "तुमचं दूध वाजतंय."

डबी जप्त झाली. दूध परत मिळालं. आणि पुढच्याच महिन्यात नित्याने दुसरी डबी आणली, जास्त पॉवरची!

*

आमच्या वडीलधाऱ्यांना इंग्लंडने दोन गोष्टी शिकवल्या. रांगेत उभं राहणं, आणि रांगेत कोण घुसतंय ते मराठी मंडळाच्या पुढच्या मीटिंगला सांगणं.

मंडळाचे अध्यक्ष कारखानीस काका. छातीचे डॉक्टर. माघी गणपतीला शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. आरती झाली आणि काकांनी माइक धरला. विषय : तरुण पिढी आणि मोटारसायकल. "आमच्या पिढीने या देशात एकही नियम मोडला नाही!" टाळ्या. माझे बाबा पहिल्या रांगेत. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पावसाने बाइक चालू होत नव्हती म्हणून विक्या त्या दिवशी बसने आला होता. कार्यक्रम संपल्यावर काका त्याला प्रेमाने म्हणाले, "चल, सोडतो तुला. गाडी कशी चालवतात ते बघ जरा."

काकांची जर्मन गाडी. डॅशबोर्डवर चांदीचा गणपती. एजवेअरचा रस्ता रिकामा, आणि काका भाषणापेक्षा बरेच जोरात. विक्या सांगतो, सीटबेल्टच्या वर तो स्वतःलाही धरून बसला होता.

अचानक गणपती वाजला. पीं-पीं-पीं!

काकांनी ब्रेक दाबला, सत्तर मैलांवरून थेट तिसावर. पुढच्या वळणावर झाडाखाली पोलीस. काकांनी त्याला मान लववून नमस्कार केला.

विक्याने गणपतीच्या मागे वाकून पाहिलं. काळी डबी. नित्याच्या डबीची थोरली बहीण.

"काका, हे काय वाजला?"

"ते? ते हॉस्पिटलचं ब्लीप आहे रे. डॉक्टरांना चोवीस तास जवळ ठेवावं लागतं. इमर्जन्सी."

विक्याने वाकून डबी परत एकदा पाहिली. मग म्हणाला, "पण काका, तुम्ही तर रिटायर झालात ना?"

उरलेल्या रस्त्यात कुणी नियम मोडला नाही.

*

नित्याच्या नव्या डबीवर विक्याचा आधी विश्वास नव्हता. पण गणपतीमागची डबी चालते हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथेच तो फसला. त्याचेही नऊ पॉइंट्स झाले होते. "एक दिवस दे," म्हणून डबी मागून घेतली आणि तो वॅटफर्डला पाकीट घेऊन निघाला.

डबी शांत. रस्ता मोकळा. विक्याने बाइक सोडली.

पुलावर एक पोलीस उभा होता. हातात बंदूक नाही, काही नाही. खाली रस्त्यावर पांढऱ्या रंगाच्या दोन खुणा. या खुणेपासून त्या खुणेपर्यंत जायला किती वेळ लागला ते मोजायचं, झालं. पुढे त्याचा जोडीदार हात दाखवत उभा.

विक्याने बाइक थांबवली आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "पण वाजला नाही!"

"काय वाजलं नाही, सर?"

डबी गेली, लायसन्स गेलं. एजन्सीने संध्याकाळी कामं कळवायचा रेडिओ परत मागितला. सहा महिने विक्या डबल-डेकरच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर बसून कॅफेत यायचा. म्हणायचा, "डबी कशाला पाहिजे? ह्या वेगाला कोणी पकडत नाही." हसायचा, पण अंडी मागवायचा नाही. नुसता चहा.

मी त्याच्याकडे बघून माझे नऊ मोजायचो.

*

माझ्या वाढदिवसाला बाबांनी मला एक खोकं दिलं. उघडलं. आत रडार डिटेक्टर!

"तुला हवा असतो ना तो?" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

आता तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? ज्याला माझं लायसन्स जायला हवंय, तोच मला लायसन्स वाचवायचं यंत्र देतो? ज्या माणसाने मला आयुष्यात पतंग आणून दिला नाही, का, तर हात मोडेल!

मी ते बाइकला लावलं आणि एजवेअरच्या सुपरमार्केटसमोरून गेलो. शांत. बँकेसमोरून गेलो. शांत. तेव्हा पटलं, हा सापळा आहे. माणसाला वाटावं रस्ता मोकळा आहे, त्याने सुसाट सुटावं आणि अलगद कॉलेजात जाऊन पडावं.

मग मी ठरवलं, पडायचंच नाही. तीसच्या रस्त्याला तीस, चाळीसच्या रस्त्याला चाळीस. मागून दूधवाले हॉर्न द्यायचे. पाकिटं कमी झाली, पण पॉइंट्स नऊच राहिले. असे दोन महिने.

शेवटी नित्याने कॅफेत स्क्रू काढून डबी उघडली. बघून त्याने शीळ घातली. "आत सगळं आहे रे. फक्त एक वायर कापलीय. पण काय कापलीय! स्वच्छ! ऑपरेशन केल्यासारखी."

घरी जाऊन मी ती डबी बाबांच्या ताटाशेजारी ठेवली. "ही चालत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि या दोन महिन्यांत तुला कुणी पकडलं?"

"नाही."

बाबांनी वरणात लिंबू पिळलं. "मग चालतेय की!"

आई हसली. मी हसलो नाही. मी पुरता चिडलो होतो. म्हातारा जिंकला म्हणून नव्हे. तो नक्की कोणत्या बाजूने खेळतोय हेच कळेना, म्हणून.

*

दसऱ्याला आई घरातल्या सगळ्या चाकांची पूजा करते. बाबांची गाडी, हिरवळ कापायचं मशीन, एकदा तर सुपरमार्केटची ट्रॉली, जी आमच्याकडे का होती ते कुणी विचारू नये. त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या बाइकचा नंबर लागला. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, हँडलला आमच्याच बागेतल्या झेंडूचा हार. बाबा पूजेला कधी फिरकत नाहीत. देवासमोर हात जोडायला सांगितलं तर आधी ग्लोव्हज मागतील असा माणूस. पण त्या सकाळी ते ड्राइव्हवेत उभे होते, चहाचा कप घेऊन. मी हेल्मेट आणायला आत गेलो, बाहेर आलो, तरी तिथेच.

रेडिओवर पाकीट आलं. कॅमडेनहून सिटीला, अर्ध्या तासात. लिंबू चिरडून मी सुटलो.

आता दसऱ्याचा दिवस, कपाळाला टिळा, दोन महिने सज्जनपणा करून अंग आंबलेलं. हेंडनच्या उताराला मी बाइकला मोकळं सोडलं. साठ. पासष्ट. आणि पाठीमागे आभाळ फुटल्यासारखा पांढरा उजेड. एकदा. परत एकदा.

कॅमेरा. तेव्हा ते नवे होते, खांबावरचे करडे डबे. मागून फोटो काढायचे, नंबर प्लेटचा. दोन आठवड्यांत घरी नोटीस.

ते दोन आठवडे मी सांगत नाही. सकाळी टपाल दारातून पडायचं आणि मी जिन्यावर पोचायच्या आधी बाबांनी ते उचललेलं असायचं. एकेक पाकीट चष्मा वर करून बघायचे. माझं नाही. माझं नाही. माझं नाही. मग टोस्टला लोणी. मनातल्या मनात मी मनगटाच्या हाडांची नावं आठवून बघायला लागलो होतो.

नोटीस आली नाही. दोन आठवडे गेले, तिसरा गेला.

शनिवारी कॅफेत कोर्टच भरलं. नित्या म्हणाला, "सगळ्या डब्यांत फिल्म नसते. तुझा रिकामा निघाला." विक्या मात्र बाइकच्या मागे जाऊन उकिडवा बसला होता. "अरे, हा काय आहे?"

नंबर प्लेटच्या वर, दिव्याच्या दोन्ही बाजूंना, दोऱ्याचे तुकडे. त्यात वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या.

"तुझी आई मागे पण हार घातला? प्लेटवर?" विक्या ओरडला. "ब्रिलियंट!" मग त्याचा चेहरा पडला. "की ट्रॅप आहे? प्लेट झाकला तर पण पोलीस पकडतो!"

घरी जाऊन मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मी एकच हार केला होता रे. पुढचा. मागे कशाला घालू? मागे काय देव बसलाय?"

बाबांना विचारलं, "बाबा, दसऱ्याला माझ्या बाइकला मागून हार कुणी घातला?"

बाबांनी पेपर खाली केला नाही. "मी पूजा करत नाही, तुला माहीत आहे."

सोमवारी सकाळी कामावर निघालो. ड्राइव्हवेत दव पडलेलं, बाइक पुसायला मी मागे गेलो. नंबर प्लेटवर हार होता. नवा. पिवळाधमक झेंडू, पण प्लास्टिकचा. न सुकणारा.

मी वाकून गाठ पाहिली. काळा धागा, दोन फेरे, वरून उलटा एक. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला टाके घालताना आम्हाला शिकवली होती, तीच.