पुस्तकाला नमस्कार

लेक बसायला लागली तेव्हा डहाणूच्या बाजारातून मी तिला जाड पुठ्ठ्याचं चित्रांचं पुस्तक आणलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, चाटलं आणि मग त्याच्यावर पाय दिला. झालं! बोंबील वाळत घालून आलेल्या सासूबाईंनी नेमकं तेच पाहिलं. हात धुतले, पुस्तक उचललं, कपाळाला लावलं आणि सरळ देव्हाऱ्यात ठेवलं. वर हळदीकुंकूही वाहिलं.

विद्येला पाय लागतो, पुस्तक उष्टं होतं, पोर मोठी झाली की देऊ, असं त्यांचं म्हणणं. वरोरच्या आमच्या घरात याआधी पुस्तकं आली ती शाळेचीच, आणि दसऱ्याला पुजायची. नवरा बोटीवर, घरी असला तरी आईपुढे ब्र काढत नाही. मग काय, मी पुस्तक खाली काढायचे आणि त्या पुन्हा वर ठेवायच्या.

काही दिवसांनी लेकीने कमालच केली. पुस्तक दिसलं की हात जोडायला लागली. शेजारणी कौतुकाने बघायला यायच्या. माझं मात्र डोकं फिरलं. अशाने ही पोर जन्मभर पुस्तकाच्या पाया पडेल, उघडणार कधी?

एका दुपारी मी हे बोललेच, तेही चढ्या आवाजात. सासूबाईंनी वाद घातला नाही. सुकी मासळी टोपलीत भरता भरता म्हणाल्या, "मला कुणी हातातच दिलं नाही गं. फाडशील, म्हणायचे. मग भीतीच बसली."

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी पुस्तक काढलं आणि त्यांच्या मांडीवर लेकीला बसवून पुढ्यात ठेवलं. त्या अवघडल्या. हाताला मासळीचा वास, म्हणून बोटं पदराला पुसत राहिल्या. शेवटी एका बोटाने पान उलटलं. गाय निघाली. त्यांना अक्षर येत नाही, पण त्या अशा काही हंबरल्या की लेक खिदळायलाच लागली. पुढच्या पानावर कावळा, मग त्याचीही काव काव झाली.

एवढ्यात लेकीने पुस्तकाचा कोपरा तोंडात घातला. सासूबाईंचा हात झटकन पुढे गेला आणि मधेच थांबला.

"खा बाय," त्या म्हणाल्या. "पण पुढचं पान बघू दे मला."