येऊ दे, येऊ दे!

साइटवर तिला सगळे ‘वाटाड्या ताई’ म्हणत. जिथे धड रस्ता नाही तिथे खडी, सिमेंट, यंत्रं आणि माणसं वेळेवर पोचवायची, हे तिचं काम. बारा वर्षांत तिने खेचरांच्या पाठीवरून पाइप नेले होते, होडीतून मिक्सर नेला होता. पण या दरीवरच्या पुलाचे लांबच लांब लोखंडी गर्डर साइटच्या फर्लांगभर अलीकडे, रस्ता जवळजवळ उलटा फिरून वर चढतो अशा एका वळणाशी अडले. ट्रेलर काही केल्या वळेना. इंजिनिअर म्हणाले, “खडक फोडू. तीन आठवडे लागतील.” तोवर नदीला पूर आला असता.

ती घरी आली तेव्हा बाबा गॅलरीत बसले होते. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले, स्टिअरिंग सुटलं आणि बोलणंच आटलं. खालून एखादी अवजड गाडी गेली की तेवढे कान टवकारत.

“बाबा, एका वळणाने माझी झोप उडवलीय. बघायला येता?”

“मला काय दिसणार, पोरी?”

“मला तरी कुठे काय दिसतंय!”

दुसऱ्या दिवशी काठी टेकत बाबा ते वळण दोनदा चालले. मग समोरच्या झुडपांत शिरून काठीने जमीन ठोकत राहिले. ट्रेलरचा ड्रायव्हर गालातल्या गालात हसला. तिला ते टोचलं.

“इथे सपाट आहे, टणकही आहे,” बाबा आतून ओरडले. “वळता कशाला? झुडपं काढा, गाडी सरळ इथे घाला आणि वरचा रस्ता रिव्हर्समध्ये चढा.”

ड्रायव्हरचं हसू मावळलं. “फर्लांगभर रिव्हर्स, आजोबा? दरी आहे बाजूला!”

“आम्ही आहोत ना दोघं.”

दुपारपर्यंत झुडपं निघाली. ट्रेलर मोकळ्या जागेत शिरला आणि मागे सरकू लागला. दरीच्या बाजूने ती चाकावर डोळा ठेवून चालली, डोंगराच्या बाजूने बाबा इंजिनचा आवाज ऐकत. “डावीकडे, बाबा!” ती सांगायची, आणि बाबा खणखणीत आवाजात ड्रायव्हरला, “डावी मार... येऊ दे, येऊ दे... बस!” दोन वर्षांत तिने हा आवाज ऐकला नव्हता. तिचे डोळे भरून येत होते, पण चाकावरून नजर काढायची सोय नव्हती.

गर्डर पोचले. ड्रायव्हर खाली उतरला तो थेट बाबांच्या पाया पडला.

परतताना बाबा जीपमध्ये तिच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपले. “खड्ड्यांतून जरा हळू घ्या,” ती जीपवाल्याला हलकेच म्हणाली.